आईने पाणी मागितलं

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बंदरावरच्या बाजारात आईने माझ्याकडे पाणी मागितलं. मी पिशवीतून बाटली काढून दिली. तिने टोपण उघडलं, मान वर करून घटाघटा अर्धी बाटली संपवली, पदराने ओठ टिपले आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागली. मी उरलेली बाटली हातात धरून तिथेच उभी राहिले.

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? पण माझी आई घराबाहेर पाणी पीत नाही. म्हणजे पीतच नाही. मांडवी एक्स्प्रेसने माझ्याकडे ठाण्याला येते, तेव्हा कुडाळ स्टेशनवर भावाने घेऊन दिलेली बाटली ठाण्याला सीलबंद उतरते. लग्नात पंगतीला बसली तर पेला भरलेलाच राहतो. "माका तान लागणा नाय," हे तिचं ठरलेलं उत्तर. दोन वर्षांपूर्वी मूतखड्याने लोळायची वेळ आली. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी पिता म्हणून विचारलं, तर ही बाई त्यांच्याकडे, त्यांनी पगार विचारल्यासारखी बघत राहिली. आम्ही भावंडांनी ते तिच्या स्वभावात जमा करून टाकलं होतं. एकेकाचं असतं तसं काहीतरी.

गावाचं नाव लिहीत नाही. वेंगुर्ल्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. खाडीच्या तोंडाला जुनं बंदर, आणि बंदराला लागून चिऱ्याच्या इमारतींची एक रांग: दोन गोदामं, एक सॉ मिल आणि टोकाला काजूचा कारखाना. मुंबईची बोट दूर पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, त्या काळातली ही गोदामं. आजोबा सांगायचे, बोट लागली की बंदरावर जत्रेसारखी गर्दी व्हायची. मी पाहिलं ते बंदर मात्र ओसरलेलं. एसटीने बोट खाल्ली, पुढे रेल्वे आली, गोदामांच्या कौलांतून पिंपळ उगवले. कारखाना तेवढा चालू होता. तोही दहाबारा वर्षांपूर्वी बंद पडला.

आता ती अख्खी रांग पुन्हा उभी केली आहे. चिरे घासून मोकळे केलेत, सांध्यांतल्या फटी नव्याने भरल्यात, मंगळुरी कौलं उतरवून धुऊन परत चढवलीत. आत दुकानं, मधल्या खळ्यात खायच्या-प्यायच्या गाड्या, आणि चोवीस डिसेंबरपासून एक तारखेपर्यंत सुट्टीचा बाजार. भावाच्या मुलीने फोनवर फोटो दाखवले. तिला कौतुक वाटत होतं आणि मला आतून उगाच राग येत होता. आईला दाखवू की नको, यावर दोन दिवस घातले. तिने त्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली आहेत. आपली जागा अशी दिव्यांच्या माळा लावून बघताना म्हातारीला काय वाटेल, या विचाराने माझाच घसा दाटून यायचा.

तिला विचारलं तर म्हणाली, "खाजा गावात काय थंय?" म्हणजे खाजं मिळेल का तिथे.

खाजं होतं. पुठ्ठ्याच्या नक्षीदार डब्यात, वर रिबिन. किंमत ऐकून आईने तिथल्या मुलाला असं काही बघितलं की त्याने आपण होऊन दहा रुपये कमी केले. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे जत्रांचा महिना. देवळासमोर रात्रभर दशावतार, थंडीत कांबळं पांघरून बसलेली माणसं, पहाटेला राक्षस मारला जाईतो अर्धी पोरं झोपलेली, आणि चटईवर मांडलेले खाज्याचे ढीग, गुळाचे आणि आल्याचे, वर्तमानपत्रात बांधून मिळणारे. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांच्या बोटांना गूळ. तेच खाजं इथे डब्यात बसलं होतं. सावंतवाडीची लाकडी फळं होती, आंबा-केळी-सीताफळ, लाखेच्या रंगात चकचकीत. गंजिफाचे गोल पत्ते होते, एकेक हातात घेऊन बघावा असा. आगळाच्या बाटल्या, फणसपोळी, तिरफळं, आमच्या ख्रिस्ती शेजारणी करायच्या तशा नेवऱ्या आणि रमचा वास असलेला केक. मी नाकं मुरडायच्या तयारीने गेले होते आणि अर्ध्या तासात माझ्या हातात चार पिशव्या झाल्या. खोटं कशाला सांगू, छान होतं. समोर भरतीची खाडी होती, चिऱ्यावर पिवळा उजेड पडला होता.

आई मात्र वस्तूंकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

बॉयलरच्या खोलीत कॉफीचं दुकान झालंय. बॉयलर काळा रंग देऊन तसाच ठेवलाय, त्याच्याभोवती टेबलं. आईने आधी त्याच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. मग म्हणाली, "हय सालां जाळीत." काजूची टरफलंच बॉयलरला जळण म्हणून वापरायचे. त्यांचा धूर कसा असतो, हे ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. तेलकट आणि कडवट, डोळ्यांना झोंबणारा. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राप बसवणारा. कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या केसांना तो वास कायमचा असायचा. लहानपणी मला तो आईचाच वास वाटायचा, आणि ती रविवारी शिकेकाई लावून न्हाली की परकी वाटायची. त्या जागी आता कॉफीचा वास येतो. आणि तो चांगलाच असतो.

काजू खाणाऱ्या पुष्कळांना तो सोलून कसा येतो, ते ठाऊक नसतं. बी वाफेवर उकडतात, एक रात्र निवू देतात. मग कटर. एका बाईला एक कटर: दोन वाकड्या पात्यांमध्ये बी नेमकी आडवी धरायची, पायाने पाती दाबायची, हाताने दांडा उचलून टरफल फाकवायचं, आणि आतला गर न मोडता बाहेर काढायचा. बी जरा तिरकी बसली की गराची पाकळी होते, आणि पाकळीचा भाव कमी. मजुरी किलोमागे. चार किलो बी फोडली तर जेमतेम किलोभर गर. टरफलात जो चीक असतो तो बिब्ब्याच्या तेलाचा सख्खा भाऊ. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, आणि तिघांचाही चीक कातडी सोडत नाही. बायका हाताला खोबरेल किंवा राख लावून बसायच्या, तरी बोटांची टोकं काळी पडायची आणि सालपटं निघायची. मला आठवतं, आई भाकरी थापायला बसली की आधी दोन्ही हात चुलीच्या उजेडात उलटसुलट करून बघायची. पीठ काळं होणार नाही ना, एवढंच बघायचं असायचं.

उकडून फोडलेला गर मग बोरम्यात जातो, म्हणजे गरम हवेच्या खोलीत, साल सुटी व्हावी म्हणून. त्या खोलीत आता सुती कपड्यांचं दुकान आहे. आईने दारातूनच हात आत घातला, गरम आहे का बघावं तसा. मग हसली. "ह्यो बोरमो," तिने दुकानातल्या मुलीला सांगितलं. मुलीला वाटलं आजी कुठल्या साडीचं नाव विचारतायत. ती म्हणाली, "तो पॅटर्न संपला, आजी."

प्रवेशाशी एक फलक आहे. भिंतींची जाडी, चिऱ्याची खाण, कौलांचा प्रकार, वासे कुठल्या लाकडाचे, सगळं मन लावून लिहिलंय. वाचून माहिती वाढली हे खरं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला काढला, हे मला माहीत होतं. आमच्या छपरावरचीही तीच जात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, तेही होतं. शेवटी एक ओळ: येथे स्थानिक महिलांना रोजगार मिळत असे. त्या ओळीपाशी मी थांबले. ओळ चुकीची नाही, म्हणूनच तिच्याशी भांडता येईना.

फलकाचं निघालं म्हणून सांगते. वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा भिंतींतून झाडं वाढलेली होती, आणि गुरुजींनी सांगितलं, इंग्रजीत हिला डच फॅक्टरी म्हणतात. झालं. मी कित्येक वर्षं धरून चालले होते की डच लोक इथे येऊन काजू फोडत असत. गोरेपान डच बसलेत ओळीने, हाताला राख लावून, आणि मुकादम ओरडतोय. वखार म्हणजे नुसती व्यापाराची कोठी, हे कळलं तेव्हा मी दहावीत होते, आणि त्या डचांबद्दलचा माझा जिव्हाळा त्या दिवशी संपला.

आई कारखान्यात लागली ती १९८२ साली. त्याआधी आम्ही मनीऑर्डरवाल्यांपैकी. बाबा लालबागला एका गिरणीत साचाखात्यात होते, गाळ्यात बाराजण राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमन आमच्या पायरीवर बसून पाणी मागायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमच्या वाडीतले सात. शिमग्याला बाबा आले ते परत गेलेच नाहीत, म्हणजे अधूनमधून गेले, पण कामाला असे नाही. पोस्टमन पायरीवर बसेनासा झाला. मे महिन्यात आई शेजारच्या काकींबरोबर पहिल्यांदा कारखान्यात गेली. मी नऊ वर्षांची होते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा दाराबाहेरच उभी राहून म्हणाली, कळशी आण. ओटीवर उभ्याउभ्या तिने जवळजवळ अर्धी कळशी पाणी प्यायलं. पुढे रोजच. आल्या आल्या पाणी. आम्ही पोरं तयारच असायचो, कळशी घेऊन.

हे मला बाजारातून परत येताना आठवलं. इतकी वर्षं तिथेच होतं आणि आठवलं नव्हतं.

पण आधी त्या संध्याकाळचं पुरं करते. आम्ही खळ्यात बसलो होतो. आईने कोकम सरबत घेतलं, वर चहा घेतला. मग उठून म्हणाली, जाऊन येते. सॉ मिलच्या मागच्या बाजूला नवी स्वच्छतागृहं बांधली आहेत. मी पिशव्या सांभाळत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मनात नको ते यायला लागलं. ओल्या लादीवर पाय घसरला असेल, कडी अडकली असेल. पिशव्या तशाच टाकून गेले तर ती बेसिनपाशी उभी, हात धुतेय. साबण परत परत घेतेय. आरशात मला बघून म्हणाली, "संडास बांधल्यानी गो. पांढरी लादी बघितलंस? साबण पण ठेवल्यानी हा."

मी म्हटलं, हो, चांगलं केलंय.

"हयच," ती म्हणाली. हात पुसता पुसता तिने पाठीमागच्या खिडकीकडे हनुवटी केली. खिडकीपलीकडे कांदळवन होतं. मला कळलं नाही. मग तिने सांगितलं, अगदी कुणाच्या लग्नात काय वाढलं ते सांगावं तशा आवाजात. कारखान्यात बायकांना संडास नव्हता. मुकादमाला विचारून दोघी-दोघींनी मागच्या कांदळात जायचं. भरती असली तर जायचं नाही, कारण उभं राहायला जागाच नसे. ओहोटीला चिखलात पाय पोटरीपर्यंत. गेलेला वेळ मुकादम मोजायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेरच्या पडवीतले हमाल मोजायचे. त्यामुळे सकाळी घरून निघताना चहाचा घोट घ्यायचा तो शेवटचा. दिवसभर पाणी तोंडाला लावायचं नाही. फाटकाशी रांजण होता, त्यातलं पाणी कोण प्यायचं? पुरुष. "तान लागाक लागली की बी फोडूची. तान जाता," आई म्हणाली.

एकोणीस वर्षांत तहानेची सवयच गेली. ती सांगते तसं तिला तहान लागत नाही, हे खरंच आहे.

ठाण्याला परत गेल्यावर मी उगीच शोधत बसले. कारखाना अधिनियम १९४८ चा. त्यात कलम १८ पिण्याच्या पाण्याचं आणि कलम १९ संडासांचं, बायकांसाठी वेगळ्या आणि बंदिस्त. एकापुढे एक. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की ही दोन कलमं शेजारी हवीत. आईने कारखान्यात पाऊल टाकलं, तेव्हा त्यांना चौतीस वर्षं झाली होती.

मला आधी राग कशाचा आला होता, ते आता नीट आठवून बघते. बाबांना मी एकदा लोअर परळला फिनिक्सच्या मॉलमध्ये नेलं होतं. त्यांची गिरणी ती नव्हती, पण ओळखीची होती. मॉलवाल्यांनी चिमणी तेवढी ठेवलीय. बाबा आत आलेच नाहीत. चिमणीखाली उभे राहून मान मोडेपर्यंत वर बघत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "भोंगो खंय गेलो?" परत येताना टॅक्सीत एक शब्द नाही. रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जुन्या कारखान्यात दिवे लावून दुकानं काढली की त्यात राबलेल्या माणसाच्या काळजाला घरं पडतात. आईबद्दल मी तेच गृहीत धरून चालले होते. पण बाबांकडे रडायला पुष्कळ होतं. त्यांची युनियन होती, दिवाळीचा बोनस होता, खात्यातलं भजनी मंडळ होतं, गणपतीत लालबागला मिरवणारी ओळख होती. गिरणी गेली तेव्हा हे सगळं गेलं. आईचं त्या कारखान्याबरोबर काय गेलं? सुटताना फाटकावर झडती व्हायची, पदर झटकून दाखवायचा, एखादा गर कनवटीला लावलाय का ते बघायला. तिच्याबरोबरच्या दोन मैत्रिणी होत्या, त्या अजून वाडीतच आहेत, रोज भेटतात. चिऱ्याच्या भिंती पडल्या असत्या तरी तिला काही वाटलं नसतं, आणि उभ्या आहेत म्हणूनही काही वाटत नाही. इथे साबण ठेवलाय, याचा तिला आनंद झाला. मी रडवेली व्हायला आले होते, आणि ती पाहुणीसारखी हिंडत होती.

आता हे लिहिताना पण मला ठरवता येत नाही. फलकावर त्या कांदळाचं लिहायला हवं होतं, असं एकदा वाटतं. मग डोळ्यांसमोर येतं, केक खाता खाता लोक ते वाचतायत, कुणीतरी फोटो काढतंय, आणि मुकादमाने मोजलेली ती मिनिटं पुन्हा अनोळखी माणसं मोजतायत. नको. आईला विचारलं असतं तर तिनेही नकोच म्हटलं असतं. तिने मला सांगितलं तेही त्रेचाळीस वर्षांनी, आणि बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो म्हणून.

निघताना तिने पुन्हा एकदा पाणी मागितलं, आणि पुन्हा एकदा जाऊन आली. एकूण तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी तर मला खात्री आहे, गरज काही नव्हती.

काजूच्या दुकानातून मी एक पाकीट घेतलं. वर छान छापलं होतं, डब्ल्यू २४०. घरी आल्यावर वीज गेली होती. आईने कंदिलाच्या उजेडात पाकीट फोडून ताटात ओतलं आणि माझ्याशी बोलता बोलता बोटं फिरवत राहिली. ती बघत नव्हती, नुसती चाचपत होती. बघता बघता ताटात तीन वाटे पडले, मोठे, मध्यम आणि पाकळ्या. एका पौंडात दोनशेचाळीस बसले तर ते २४०, तीनशेवीस बसले तर ३२०. वरचा राजा १८०. एवढी ग्रेडिंगची विद्या मला तिनेच शिकवलीय, पण मला ते डोळ्यांनीही जमत नाही.

"ह्ये दोनशेचाळीस न्हय," ती म्हणाली. "तीनशेवीस आसत. फसवल्यानी तुका."

असू दे म्हटलं. तिने एक तोंडात टाकला, चावला आणि चेहरा वाकडा केला.

"आणि खवट आसत. उद्या परत करूया."

मी म्हटलं, आई, रिक्षाला जायला-यायला पाकिटाहून जास्त जातील.

"जाऊं देत गो," ती म्हणाली आणि काजू परत पाकिटात भरायला लागली, वाटे न मोडता, एकेक करून. "परत जाऊक गावात. आणि पाण्याची बाटली मोठी घे."